पाटी नसलेलं पोस्ट

मंगलताईंचा पहिला प्रश्न ठरलेला असे : "खातं कुणाचं?" नमस्कार त्यानंतर. मी पहिल्यांदा त्यांच्या पोस्टात गेलो तेव्हा पत्नी सोबत होती आणि खातं माझं उघडायचं होतं. तसं सांगितल्यावर त्या पत्नीला म्हणाल्या, "मग ताई, तुम्ही जरा बाहेर बाकावर बसा. ह्यांचं झालं की बोलावते." आमच्यात लपवण्यासारखं काही नाही, असं मी म्हणालो. "नसंल हो. बसू द्या तरी." दहा मिनिटांनी मला बाहेर पाठवून त्यांनी पत्नीला आत घेतलं. तिनेही स्वतःच्या नावावर खातं उघडल्याचं मला घरी आल्यावर कळलं.

हे शाखा डाकघर चाकणहून तळेगावकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका गावात आहे. गावाच्या तीन बाजूंना कारखाने आहेत. गावकऱ्यांच्या जमिनी कंपन्यांकडे गेल्या, उरलेल्या तुकड्यांवर त्यांनी चाळी बांधल्या आणि त्या चाळींत परभणी, लातूर, बीड, बुलढाण्याहून आलेली कुटुंबं भाड्याने राहतात. पिंपरीतल्या एका वर्तमानपत्रात नोकरी करत असताना मीही तिथला भाडेकरू होतो. पोस्ट म्हणजे बाळूआण्णा नावाच्या गावकऱ्याच्या घराची पुढची खोली. खेड्यातल्या शाखेसाठी जागा डाकपालानेच शोधायची असते, त्यामुळे खोलीचं भाडं मंगलताई स्वतः देत. आत टेबल, लोखंडी कपाट, तराजू, शिक्के आणि हातात मावणारं एक मशीन. बाहेर दोन माणसांचा बाक, ज्यावर चार बसत.

मंगलताई मूळच्या उदगीरकडच्या. नवरा फोर्जिंगच्या कारखान्यात. बांधा आडवा, आवाज मोठा. साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट घालत, कारण शिक्क्याची शाई साडीला लागली की निघत नाही. पोस्टाची वेळ दहा ते दोन होती. पण कारखान्यांची पहिली शिफ्ट तीनला सुटते, म्हणून पगाराच्या आठवड्यात त्या चारपर्यंत बसत. त्याचे वेगळे पैसे मिळत नसत. का बसता, असं विचारलं की म्हणत, "घरी जाऊन काय, टीव्हीच बघायचा ना."

एका वेळी एकच खातेदार आत, हा नियम कोणत्याही पुस्तकात नव्हता. तो त्यांनी स्वतः केला होता. त्यामागचं कारण त्या गावात एक महिना राहिलेल्या कोणालाही कळत असे. कंपनीत पॅकिंगला जाणाऱ्या बाईचं खातं तिच्या नावावर असलं तरी बोलायला नवरा पुढे होई. एकदा माझ्यादेखत असा एक जण खिडकीतून डोकावून म्हणाला, "हिचे दोन हजार काढायचेत."

"दादा, तुमचं खातं आहे का?"

"बायकोचं म्हणजे माझंच की."

"मग तिची दुपारपाळी पण तुम्हीच करत असाल?"

बाकावरचे हसले. तो माणूस बाजूला झाला. मंगलताई त्या बाईला म्हणाल्या, "आत ये माय. काय पाहिजे ते तुझ्या तोंडानं सांग." बाईने पाचशे काढले.

चाकणला बँका आहेत, पण तिथे जायचं म्हणजे अर्ध्या दिवसाचा पगार बुडतो आणि रांगेत उभं राहून शेवटी कोणता तरी कागद कमी पडतो. पोस्टात बोटाचा ठसा दिला की पैसे मिळत. अडचण वेगळीच होती. कास्टिंग, म्हणजे ओतीव लोखंडाचे भाग, घासणाऱ्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात आणि मशीन त्यांना ओळखत नाही. मंगलताई टेबलाखाली पाण्याचा वाडगा आणि पंचा ठेवत. हात धुवायचा, पुसायचा, मग अंगठा, मग पुढचं बोट, मग पुढचं. "उजवा नाही तर डावा. माणूस तोच आहे ना?" असं त्या मशीनलाच विचारत. दहाव्या बोटालाही जमलं नाही, तर दुसऱ्या दिवशी सकाळी, कामावर जायच्या आधी बोलावत. एक रात्र हाताला आराम मिळाला की रेषा थोड्या वर येतात, हा त्यांचा अनुभव होता.

त्यांच्या खातेदारांपैकी कलावती ही एका कंपनीच्या कँटीनमध्ये भांडी घासणारी बाई. परभणीकडची. मुलगी बारावीला होती आणि तिला नर्सिंगला घालायचं होतं. त्या फीसाठी कलावतीने पोस्टात आरडी लावली होती, म्हणजे पाच वर्षं दर महिन्याला ठरलेली रक्कम भरायची. साठ हप्त्यांपैकी छप्पन्न भरून झाले होते. आरडीचा नियम कडक आहे. मुदतीच्या एक दिवस आधी जरी मोडली, तरी सगळ्या वर्षांचं व्याज साध्या बचत खात्याच्या दराने मिळतं. मंगलताईंनी तिला हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ऐकून ती म्हणाली होती, "मग ताई, मी मागायला आले तरी देऊ नका."

"देणार. तुझे पैसे आहेत. नाही म्हणायला मी कोण?"

दसऱ्याच्या चार दिवस आधी एका सकाळी पोस्टावरची लाल पाटी दिसेनाशी झाली. अक्षरं उडाली होती, म्हणून मंगलताईंनी आदल्या संध्याकाळी ती उतरवून चाकणच्या पेंटरकडे दिली होती. दसऱ्याला नवी पाटी, नवा हार, असा त्यांचा बेत. कोणाला सांगायचं त्यांना सुचलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे, असं त्यांना वाटलंच नाही.

कलावतीच्या नवऱ्याने, ज्ञानोबाने, रात्रपाळीहून परतताना ती रिकामी भिंत पाहिली. दापोडीला राहत असताना त्याची चार वर्षांची बचत एका पतसंस्थेत बुडाली होती. त्या संस्थेचं कार्यालय बंद पडण्याआधी तीन दिवस तिची पाटी काढली गेली होती. रंगवायला नेली, असं शिपायाने सांगितलं होतं आणि ज्ञानोबाने ते मानलं होतं. गावातल्या प्रत्येक चाळीत अशी हकिकत असलेला एक तरी माणूस होता. साडेआठपर्यंत बातमी सगळ्या चाळींत पोचली. दहाला मंगलताई कुलूप काढायला आल्या तेव्हा बाकाभोवती पन्नासेक माणसं उभी होती. पहिल्या पाळीच्या काही बाया खाडा करून आल्या होत्या.

"ताई, पाटी कुठंय?" ज्ञानोबाने विचारलं.

"रंगायला टाकलीय चाकणला."

यापेक्षा वाईट उत्तर त्या दिवशी दुसरं नव्हतं. गर्दीतून एक आवाज आला, "झालं! हेच सांगत असतेत." ज्ञानोबा मोठ्याने म्हणाला, "आधी पाटी जाती, मग माणूस जातो. कले, पासबुक काढ."

बाळूआण्णा मागून ओरडले, "आरं ही काय तुमची पतसंस्था हाय का? आमी पिढ्यान्पिढ्या हितं हाय. पोस्ट कुटं पळतंय?"

"आण्णा, मग तुमी कशाला रांगेत?" एका बाईने विचारलं. आण्णांच्या हातात त्यांचं पासबुक होतं.

"मी काढीत न्हाई. नुस्तं बघून येतो."

मंगलताईंनी कुलूप काढलं, झाडून घेतलं, मशीन सुरू केलं आणि रोजच्यासारखं विचारलं, "पहिलं खातं कुणाचं?" एकेकाला आत घ्यायचं त्यांनी त्या दिवशीही सोडलं नाही. बाहेर लोक चिडले. पन्नास माणसं अशी घेतली तर संध्याकाळ होईल, सगळ्यांचे अर्ज एकदम घ्या, असा आग्रह झाला. त्या दारात येऊन म्हणाल्या, "होऊ द्या संध्याकाळ. मी इथंच आहे."

बचत खात्यातले पैसे त्यांनी मागेल त्याला दिले. अकराच्या सुमारास कपाटातली रोकड संपली. शाखेत रोकड फार नसतेच. ती रोज चाकणच्या मोठ्या पोस्टातून येते. त्यांनी तिथे फोन लावला आणि रोकड दुपारी येईल असं बाहेर येऊन सांगितलं. ठेवी मोडायच्या असतील तर अर्ज आणि पासबुक चाकणला जाईल, पैसे दोन दिवसांनी मिळतील, हेही त्यांनी सांगितलं. नियम तोच होता. पण आता पाटीही नव्हती, पैसेही नव्हते आणि पासबुकही हातातून जाणार होतं. बाहेर आरडाओरड सुरू झाली. कोणी पोलिसांना बोलवा म्हणालं. पुढचा नंबर कलावतीचा होता. ज्ञानोबाही तिच्यासोबत आत शिरला.

"दादा, तुम्ही बाहेर," मंगलताई म्हणाल्या.

"आज न्हाई ऐकणार. पोरीच्या फीचे पैसे हायेत."

"म्हणूनच. खातं हिचं आहे. हिला बोलू द्या."

तो दारातून हलेना. शेवटी कलावतीच म्हणाली, "जावा तुमी." तो गेला. आत जे बोलणं झालं ते तिने नंतर सांगितलं. तिने विचारलं, "ताई, खरं सांगा, पोस्ट जाणार का?" मंगलताईंनी शपथ घेतली नाही की समजूत काढली नाही. मोडायचा अर्ज त्यांनी टेबलावर ठेवला. शेजारी कलावतीचं पासबुक ठेवलं. म्हणाल्या, "ही खोली आण्णाची. टेबल माझं. पैसे इथं नाहीतच, कधी नव्हते. मी सांगून तू ऐकशील, पण उद्या मी नसले तर पुन्हा घाबरशील. अर्जावर अंगठा करायचा तर कर, मी चाकणला पाठवते. नाहीतर पासबुक घे, तू स्वतः चाकणला जा, तिथल्या खिडकीत दे आणि विचार माझ्या नावावर किती आहेत. माझं नाव सांगू नको. परत ये. तरी मोडायचं असंल तर मी चार काय, सहापर्यंत बसते."

कलावती पासबुक घेऊन बाहेर आली आणि थेट रस्त्यावर जाऊन चाकणला निघालेल्या वडापच्या जीपमध्ये बसली. ज्ञानोबा तिच्यामागे धावला. जीप भरली होती. मंगलताई दारात आल्या आणि तेच सगळ्यांना म्हणाल्या. "ज्याला शंका आहे त्यानं चाकणला जाऊन विचारा. चाकण नको तर चिंचवडला विचारा. गावाकडं कुणी जाणार असंल तर परभणीत विचारा. मोडायचं ज्याचं ठरलंय त्यानं आत या, अर्ज लिहून देते." त्यानंतर तिघांनी ठेवी मोडण्याचे अर्ज दिले. त्यांतल्या एकालाही त्यांनी परावृत्त केलं नाही. व्याज किती कमी मिळेल एवढं सांगितलं आणि पासबुकाची पावती लिहून दिली. बाकीचे थांबले. ते मंगलताईंवर विश्वास ठेवून थांबले नव्हते. ते कलावतीसाठी थांबले होते.

ती दीड वाजता परतली. उन्हातून चालत आल्याने चेहरा लाल झाला होता, कारण परतीची जीप फाट्यापर्यंतच होती. लोक तिच्याभोवती गोळा झाले.

"काय म्हणले?" ज्ञानोबाने विचारलं.

"तिथंबी माझंच नाव हाय. पैसेबी तेवढेच हायेत, रुपयाचा फरक न्हाई. त्या साहेबानं कॉम्प्युटर फिरवून दावलं."

"नक्की?"

"मग मी काय फिरायला गेल्ते का?"

बाळूआण्णा हसू लागले. ज्ञानोबाने पासबुक तिच्या हातातून घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि तिच्याकडेच परत दिलं. तो मंगलताईंकडे वळून म्हणाला, "ताई, पाटी सांगून काढायची असती."

"खरंय. चूक माझी," त्या म्हणाल्या. "मला माहीत नव्हतं."

गर्दी ओसरायला अर्धा तास लागला. त्या दिवशी काढलेल्या बचतीपैकी बरीचशी दिवाळीपर्यंत परत आली. मोडलेल्या तीन ठेवी मोडल्याच राहिल्या. त्यांतल्या एकाने, तुम्ही मला थांबवलं का नाही, असं नंतर विचारलं तेव्हा मंगलताई म्हणाल्या, "एकदा थांबवलं असतं तर पुढच्या वेळी तुम्ही माझ्याकडं पैसे ठेवलेच नसते."

फेब्रुवारीत कलावतीची आरडी पूर्ण मुदतीने, पूर्ण व्याजासह सुटली. जूनमध्ये मुलीचा नर्सिंगला प्रवेश झाला. फीचा पहिला हप्ता भरून उरलेल्या पैशांतून कलावतीने आणखी एक आरडी सुरू केली, पुन्हा पाच वर्षांची.

पुढच्या वर्षी मंगलताईंनी बदली मागून घेतली. उदगीरला सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या आणि नवऱ्यानेही नोकरी सोडायचं ठरवलं होतं. बदली मंजूर झाली तो पगाराचा आठवडा होता. आता पुन्हा रांग लागेल आणि लोक पैसे काढून घेतील, अशी चाकणच्या अधिकाऱ्यांना भीती होती. मंगलताई निघायच्या दिवशी त्यांनी जास्तीची रोकड पाठवली. ती तशीच परत गेली. नवा डाकपाल नगरकडचा, सव्वीस वर्षांचा तरुण होता. लोक त्याच्याकडे पैसे भरत होते, बोटं धुऊन मशीनवर ठेवत होते. मंगलताई सामानाच्या टेम्पोजवळ उभ्या राहून हे पाहत होत्या. वाईट वाटतं का, असं मी विचारलं.

"कशाचं?"

"तुम्ही निघालात आणि कोणी उठलंसुद्धा नाही."

त्यांनी टेम्पोतल्या सामानाची दोरी ओढून पाहिली. मग म्हणाल्या, "माझ्यामागं पळत आले असते, तर मी इथं दहा वर्षं नुसती बसून होते असं झालं असतं."

टेम्पो निघाला तेव्हा कलावती आत होती. ती हप्ता भरून बाहेर आली आणि रस्त्याकडे पाहत तिने मला विचारलं, "गेल्या का ताई?"

"गेल्या."

"मला दुपारपाळी हाय," ती म्हणाली. पासबुक पिशवीत तळाशी, डब्याखाली ठेवून ती कंपनीच्या फाटकाकडे चालू लागली.