रिकाम्या गाडीकडे कोण पाहतो?

जमादार कोणाच्याही घरी गेले की आधी दाराच्या कडीकडे पाहत, माणसांकडे नंतर. माझं नवीन लग्न झालं आणि हिंगणघाटला मी दोन खोल्यांचं बिऱ्हाड मांडलं, तेव्हा ते भेटायला आले. आत या म्हटलं तरी उंबऱ्याबाहेरच थांबले. दाराच्या पट्टीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "बाबूजी, कुलूप चांगलं घेतलं तुमी. पन कडीचे स्क्रू बाहेरून हायेत. चोर कुलपाले हात बी नाई लावनार." दुसऱ्या दिवशी हत्यारं घेऊन आले आणि कडी नीट बसवून दिली. बायकोनं चहा दिला. त्यांची कपबशी वेगळी होती. ते त्यांच्या लक्षात आलं असणारच. त्यांच्या नजरेतून सुटलेली गोष्ट मी कधी पाहिली नाही.

स्टेशनाजवळच्या एका मोठ्या व्यापाऱ्याच्या गोदामात मी कारकून होतो आणि ते दिवसपाळीचे चौकीदार. साखर, कापडाच्या गाठी, चहाच्या पेट्या असा माल रेल्वेनं यायचा आणि तिथून बैलगाड्यांनी वडनेरपर्यंतच्या दुकानदारांकडे जायचा. शेठजी नागपूरला राहत. इथला कारभार मुनीमजींच्या हातात होता. जमादार पन्नाशीचे, काटक, कमी बोलणारे. जातीनं महार. त्यांच्या बापानं गावकीची राखण केली होती. "बापानं गाव राखलं, म्या गोदाम राखून राह्यलो," असं ते एकदाच म्हणाले होते, आणि तेही अभिमानानं नव्हे.

चोरी रात्री होते हे त्यांना मान्यच नव्हतं. "रात्रीले सगळे जागे असतात बाबूजी," ते म्हणत, "कंदील असते, कुत्रं असते, भीती असते. दुपारी कोनाले भीती नसते, म्हनून चोरालेबी नसते." मला हसू यायचं. पण ते बोट दाखवत तिथं पाहिलं की हसू ओसरायचं. मागच्या भिंतीचा पत्रा एका खिळ्यावर लोंबत होता. गोदामाच्या किल्ल्या मुनीमजींच्या गादीमागे खुंटीला टांगलेल्या असत आणि पाणी प्यायला येणारा प्रत्येक गाडीवान त्या पाहत असे. दारावर मी मालाच्या चिठ्ठ्या तपासायचो, पण फक्त भरलेल्या गाड्यांच्या. रिकामा बारदाना, म्हणजे उतरवलेल्या मालाची पोती, बांधून बाहेर जायचा, त्याला चिठ्ठीच नव्हती. "भरल्या गाडीकडे सगळे पाह्यतात," जमादार म्हणायचे, "रिकाम्या गाडीकडे कोन पाह्यते?"

हे सगळं त्यांनी माझ्याकडून एका कागदावर लिहून घेतलं आणि खाली अंगठा उठवला. मुनीमजींनी कागद अर्ध्यावर वाचून गादीखाली सारला. "आता चौकीदार आपल्याले गोदाम चालवाले शिकवन का?" एवढंच म्हणाले. बारदान्याचं काम त्यांच्या मेहुण्याकडे होतं. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

त्यानंतर आठवड्याभरात जमादारांनी जे केलं ते आजही डोळ्यांसमोर आहे. भर दुपारी गोदामातून चहाची एक पेटी खांद्यावर घेतली, मुनीमजींच्या गादीसमोरून, वजनकाट्यावरच्या हमालांमधून, माझ्या टेबलाला जवळजवळ घासून बाहेर गेले. रस्त्याला वळसा घालून परत आले आणि पेटी मुनीमजींपुढे ठेवली. त्या वेळी वडनेरचे तीन-चार दुकानदार बसलेले होते.

"ही पेटी बाहेर जाऊन आली मुनीमजी. कोनं पाह्यलं?"

दुकानदार खो-खो हसले. मीही हसलो. मुनीमजींचा चेहरा मात्र काळाठिक्कर पडला. माझी खात्री आहे, मागचा पत्रा त्यांनी दुसऱ्याच दिवशी ठोकून घेतला असता, पण आता तो ठोकणं म्हणजे चौकीदाराचं ऐकणं झालं असतं. पत्रा तसाच लोंबत राहिला.

छप्पन्न साली दसऱ्याला जमादार तीन दिवसांची रजा घेऊन नागपूरला दीक्षेला गेले. परत आले ते पांढऱ्या कपड्यांत. घरातले देव त्यांनी नदीत सोडल्याचं हमालांनी सांगितलं. कामात फरक नव्हता, पण एक गोष्ट बदलली. सकाळी मुनीमजी आले की ते पूर्वी कमरेत वाकायचे, आता ताठ उभे राहून हात जोडायचे. हात जोडण्यात काही कमी नव्हतं. वाकणं तेवढं नव्हतं. मुनीमजींना ते रोज दिसायचं आणि रोज बोचायचं.

दिवाळीच्या तोंडावर शेठजी आले आणि माल मोजला. चहाच्या पेट्या कमी निघाल्या. कुलपं शाबूत, कड्या शाबूत. मुनीमजींनी क्षणभरही विचार केला नाही. "हा तीन दिवस नागपूरले गेलता का माल विकाले गेलता, कोनाले ठाऊक? अन् आता तर ह्याले देवाचाही धाक नाई राह्यला."

पोलीस चौकीतून हवालदार आले. जमादार दाराशी उभे होते. आपण सांगितलेल्या जागा ते एकेक करून दाखवू लागले: पत्रा, खुंटी, बारदान्याच्या गाड्या. हवालदार म्हणाले, "चोराले बरोब्बर सगळं माहीत असते." मग मुनीमजींनी पेटीची गोष्ट काढली आणि हवालदारांनी मला बोलावलं.

"ह्यानं पेटी खांद्यावर घेऊन बाहेर नेली होती? तुम्ही पाहिली?"

"हो," मी म्हणालो.

पेटी परत आली होती, सगळ्यांच्या देखत पुढ्यात ठेवली होती, ते कशासाठी होतं, हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. हवालदारांनी पुढे विचारलं नाही आणि मी आपण होऊन बोललो नाही. मुनीमजी माझ्याकडे पाहत होते. घरी बायकोला सातवा महिना होता. ही कारणं मी त्या दिवसापासून स्वतःला देत आलो आहे. जमादारांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि मान वळवली.

दोन दिवस त्यांना चौकीत ठेवलं. त्यांच्या झोपडीची झडती झाली, चूल उकरली, बायकोची धान्याची मडकी फोडली. काही सापडलं नाही म्हणून सोडलं. ते गोदामाच्या अंगणात आले तेव्हा मुनीमजींनी हमालांसमोर त्यांचा पितळी बिल्ल्याचा पट्टा काढून घेतला. सतरा वर्षं ते त्या दारावर उभे होते. पट्ट्याचं बक्कल अडकलं, मुनीमजींच्या हातून ते निघेना. जमादारांनीच काढून दिलं.

पुढच्या उन्हाळ्यात, दुपारच्या दोनच्या सुमाराला, वणा नदीच्या पुलाजवळ बारदान्याच्या गाडीचा आस मोडला. पोत्यांचे गठ्ठे रस्त्यावर पडले, एक फुटला आणि त्यातून चहाची पेटी बाहेर आली. अर्ध्या गावानं पाहिली. मुनीमजींचा मेहुणा त्याच आठवड्यात मारवाडात आपल्या गावी निघून गेला. शेठजी म्हणाले, घरची गोष्ट घरात राहू द्या. पोलिसांना कोणी बोलावलं नाही, आणि जमादारांनाही नाही.

मी रविवारी त्यांच्या वस्तीत गेलो. ते सडकेवर गिट्टी फोडायच्या कामाला जात होते. हाताच्या बोटांना चिंध्या बांधल्या होत्या. मी पुलावरची सगळी हकीकत सांगितली. त्यांना आनंद होईल असं मला वाटलं होतं. त्यांनी मान हलवली, जणू मी त्यांना उन्हाळ्यात ऊन पडतं असं सांगितलं.

"शेठजींकडे मी शब्द टाकतो," मी म्हणालो. "तुम्हाला परत घेतील."

"काऊन?" ते म्हणाले. "चोर दुसरा हाय हे त्याईले समजलं नाई काय? समजलं. तरी कोनी आलं नाई. तुमी कायले शब्द वाया घालता बाबूजी? हवालदारापुढं एक शब्द पाह्यजे होता. तो नाई टाकला तुमी."

त्यांची बायको आतून पाण्याचा लोटा घेऊन आली आणि माझ्यापुढे धरून थांबली. मी पितो की नाही हे ती पाहत होती. मी प्यायलो. तिनं जमादारांना विचारलं, "हे कोन होयेत?"

"गोदामातले बाबू," जमादार म्हणाले. "मानूस वाईट नाई. घाबरट हाय."

त्यात राग नव्हता. पत्रा एका खिळ्यावर आहे हे ज्या आवाजात त्यांनी सांगितलं होतं, त्याच आवाजात त्यांनी हेही सांगितलं. वर्षभरानं ते बल्लारशाला लेकाकडे गेले आणि तिकडेच वारल्याचं कळलं. मी मात्र त्या गोदामात आणखी एकोणीस वर्षं काढली. नवा चौकीदार उंचापुरा होता, मिशा राखून होता, आणि मुनीमजी आले की फार छान वाकायचा.