फणसाखालचा फोन

गाव सोडलं त्या सकाळी अक्कानं यष्टीच्या खिडकीतून आमसुलांची पुरचुंडी माझ्या हातात कोंबली आणि म्हणाली, "पोचलीस की डायव्हरजवळ सांगून धाड." अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. चंदगडच्या डोंगरातल्या त्या घरात मी लग्न होऊन आले, तेव्हा चूल फुंकायलासुद्धा तिनंच शिकवलं. मालकांना कोल्हापुरात नोकरी लागली म्हणून आम्ही निघालो. आठ दिवसांत परत यायचंय अशा थाटात मी हात हलवला. त्याला चाळीस वर्षं झाली की आता.

तुमच्यातही कुणी असं निघालं असेल, कुणी मागं राहिलं असेल. माणूस एकदाच जातं, मग निरोपच येत-जात राहतात. आमचे निरोप यष्टीच्या ड्रायव्हरकडून जायचे. मला मुलगी झाली हे अक्काला ड्रायव्हरनंच सांगितलं. तिनं त्याच्या हातावर तिथंच गूळ ठेवला.

मग मोबाईल आले. पण आमच्या गावात रेंज एकाच जागी, घरामागच्या चढावर, फणसाखाली. रोज पाचला अक्का तिथं चढायची आणि मी इकडं शाहूपुरीतल्या गॅलरीत उभी. गेल्या पावसाळ्यात ती त्या चढावरून घसरली, मनगट मोडलं. तरी प्लास्टर घालून वर. मी रागावले तर म्हणते, "तू गॅलरीत यायची ऱ्हातीस का? मग मी का ऱ्हाऊ?"

यंदा पाऊस जवळ आला तसा माझा जीव थाऱ्यावर राहिना. तिचा मुलगा प्रकाश काजूच्या कारखान्यात असतो, त्यानं घरात वायफाय घेतलंय. पण तो येणार सातला, आणि लेकाच्या फोनवरून लेकाचीच तक्रार कशी करायची? व्हॉट्सअ‍ॅप तिला जमत नाही. नंबर लावायचा आणि बोलायचं, एवढंच ठाऊक.

शेवटी शौकतभाईंच्या दुकानात गेले. पूर्वी ते रेडिओ दुरुस्त करायचे, आता सिमकार्डं विकतात. स्वस्तातला चांगला प्लॅन द्या म्हटलं, तर हसले. "काकी, प्लॅनचं ऱ्हाऊ द्या. फोन कुठं बसून करायचा ते सांगा आधी." मी सगळं सांगितलं, चढासकट. तेव्हा कळलं, वायफाय कॉलिंग म्हणून एक सोय असते. टॉवर नसला तरी घरच्या वायफायवरून साधा फोन लागतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. मात्र कंपनीनं ती दिलेली पाहिजे आणि हँडसेटमध्येही पाहिजे. सिनेमे बघायचे महागडे प्लॅन त्यांनी बाजूला सारले आणि नुसत्या बोलण्याचा, सगळ्यांत हलका काढून दिला. माझ्या लेकीचा जुना फोन तपासून त्यात सिम घातलं. निघताना बजावलं, "हे घरातच चालणार, बाहेर न्हाय."

फोन डब्यात घालून ड्रायव्हरजवळ धाडला. जुनी सवय. प्रकाशनं तो वायफायला जोडून आईच्या हातात दिला.

पाचला फोन लावला, लागेना. दुसऱ्या दिवशी तेच. तिकडं पाऊस धरलेला. तिसऱ्या दिवशी रविवार, प्रकाश घरी होता, त्याला लावला. तो म्हणाला, "आई व्हय? ती बसल्याय की फणसाखाली, नवीन फोन घेऊन. काकू फोन करत न्हाई म्हणून रुसल्याय."

तोंडात मारून घ्यावंसं वाटलं. नव्या कंपनीची रेंज त्या फणसाखाली नाही आणि घरचं वायफाय तिथवर पोचत नाही. घरात बसून बोल, हे एवढं सांगायचं माझ्याकडून राहून गेलं होतं. तीन दिवस ती म्हातारी पावसात चढत होती.

प्रकाशनं तिला हाताला धरून खाली आणली, चुलीपाशी बसवली. मी नंबर लावला. "ओरडू का?" तिनं विचारलं. मी म्हटलं नको, हळू बोल. आणि ती हळू बोलली तेव्हा तिच्या मागून कौलांवरचा पाऊस ऐकू आला. परड्याच्या दाराची कडी वाजली, तीच, माझ्या हातून वाकलेली. इतकी वर्षं मोबाईलवर अक्काच्या मागं नुसता वारा असायचा. घर आज पहिल्यांदा ऐकलं.

यष्टीचे ड्रायव्हर, शौकतभाई, प्रकाश, कुणाकुणाच्या हातून माझं घर माझ्यापर्यंत पोचलं. सगळ्यांचं भलं होवो.

आता पाचला आम्ही फार बोलतही नाही. अक्का फोन फडताळात उभा करते आणि तांदळाची भाकरी थापायला घेते. मी गॅलरीतून आत येते आणि तिच्या थापांच्या नादात इकडं माझी परात पुढं ओढते.