चुनखडीवरचा तरवड

पेव्हर ब्लॉकचा टेम्पो फाटकात उभा होता. निलंगा रोडवरचं नवं घर. मालक शिवलिंगआप्पा सोयाबीनचे आडते. त्यांच्या पत्नी, शांताकाकू, पायरीवर बसल्या होत्या. बाग त्यांना हवी होती. मी बागा आखून देतो; मला फोन त्यांनीच केला होता.

"सायेब, उशीर केला तुमी," आप्पा म्हणाले. "जास्वंद पिवळी पडून मेली, एक्झोराबी गेला. आता समदं अंगण ब्लॉकनं झाकून टाकायलोय."

मी एक खड्डा घ्यायला लावला. वर वीतभर काळी माती, खाली पांढरी चुनखडी. तिच्यावर किटमधल्या ॲसिडचे थेंब टाकले. फेस आला, म्हणजे चुना भरपूर.

"शेतातली माती आणून टाकली न्हवं मी!" आप्पा म्हणाले.

तीच अडचण होती. आपल्याकडे जमीन हलकी दिसली की काळी माती ओततात. ती पाणी धरते, खालची चुनखडी घट्ट असली तर पाणी तिथेच तुंबतं आणि मुळं कुजतात. शिवाय चुन्यामुळे मातीतलं लोह झाडाला घेता येत नाही. पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. पान पिवळं दिसलं की आप्पा पाणी वाढवत होते.

माती काढा आणि तरवड, करवंद, निरगुडी लावा, असं मी सुचवलं.

"तरवड? बंगल्यापुढं? लोक म्हणतील आप्पानं दारात माळरान केलं."

"अवो, घटाला माळ कशाची लावता?" काकूंनी विचारलं. "दर नवरात्रात गड्याला तरवडाच्या फुलांसाठी माळावर धाडता. तवा चालतंय, आन दारात नको?"

टेम्पोवाला हसला. आप्पा त्याच्यावर खेकसले, "तू काय दात काढतूस? गाडीवाटेपुरते उतरव. बाकीचे ने माघारी."

काळी माती काढली. पावसाळ्याच्या तोंडावर रोपं लावली. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्याला एकदाच पाणी, असं ठरलं.

त्या उन्हाळ्यात बघायला गेलो, तेव्हा तरवड आणि निरगुडी जगली होती. करवंदं मात्र एका कोपऱ्यातली मेली होती. तिथली माती ओली होती.

"आप्पा, पाणी घातलं का?"

"थोडं. रोज सकाळी." ते काकूंकडे न बघता म्हणाले. "तहानल्यावानी दिसायची वो."

काकूंनी नळीच उचलून आत नेली. आज त्या अंगणात फाटकापासून भिंतीपर्यंत झुडपं आहेत. अशा जमिनीत झाडं निवडणं हे माझं अर्धंच काम असतं. उरलेलं अर्धं मालकाला आवरण्याचं.