जई कोणी खायची

साठच्या दशकाच्या अखेरीस माझी पोस्टिंग हिमालयातल्या एका खच्चर कंपनीत होती. खच्चरांवर राशन आणि दारूगोळा लादायचा आणि वरच्या पोस्टवर पोचवायचा, हे आमचं काम. खच्चरांचा खुराक म्हणजे हरभरा आणि जई. या जईला हल्ली नागपुरातले शहाणे लोक ओट्स म्हणतात आणि डॉक्टरने सांगितलं म्हणून सदर बाजारातून डबा आणून खातात. खाऊ द्या. नाव बदललं म्हणून घोड्याचा खुराक पक्वान्न होत नाही. गेल्या महिन्यात सुनेने माझ्यापुढेही वाटी ठेवली. मी ती सरकवली आणि भाकर मागून घेतली.

साहेब लोक तेव्हाही खात. आमच्या कॅप्टन साहेबांना नाश्त्याला रोज पॉरिज लागे. म्हणजे दुधात शिजवलेली जई, वर साखर. मी उमरेडच्या कोष्ट्याचा मुलगा. ती वाटी पहिल्यांदा पाहिली तेव्हा वाटलं, मागावरच्या सुताच्या ताण्याला लावायची खळ हे गृहस्थ चमच्याने खात आहेत. आमच्या खळीत निदान गाठी नसत.

त्या हिवाळ्यात मी हवालदार होतो. वरच्या पोस्टवर आम्ही आठ जण आणि एक खच्चर, राणी. तिला हाकणारा ड्रायव्हर दशरथ हा खाप्याच्या शेतकऱ्याचा मुलगा. बर्फ पडून वाट बंद झाली आणि आमचं राशन संपलं. त्यात एका लान्स नायकला न्यूमोनिया झाला. त्याला पाठीवर घेऊन खाली उतरू शकेल अशी एकटी राणीच होती. तिच्या जईचं अर्धं पोतं तेवढं उरलं होतं.

मी वायरलेसवर बोललो, "राशन खत्म. ओव्हर."

खालच्या बेसवरून कॅप्टन साहेबांचं उत्तर आलं, "जानवर की जई खाओ. बहुत ताकत होती है. ओव्हर."

ऑर्डर ती ऑर्डर. जई तव्यावर भाजली, दगडाने भरडली, फुंकून जमेल तेवढं टरफल उडवलं आणि बर्फाच्या पाण्यात मीठ टाकून शिजवली. दूध नाही, साखर नाही. टरफल कुसळासारखं घशात अडकायचं. ताकत म्हणे! साहेबांनी टरफलासकट एक घास गिळून दाखवायला हवा होता.

प्रत्येकाच्या वाट्याला एक मग आला. दशरथ आपला मग घेऊन थेट राणीकडे गेला. मी त्याला अडवलं.

"दशरथ, तू खा. ऑर्डर हाय."

"तिच्या तोंडचं काढलं आपन. तिच्यासमोर मी कसा खाऊ जी?"

मी त्याला मूर्ख म्हणालो. वाट उघडेपर्यंत त्याने रोज तेच केलं. स्वतः गरम पाणी प्यायचा.

आभाळ उघडलं तसे आम्ही दोघे निघालो. राणीच्या पाठीवर पेशंट, पुढे दशरथ, मागे मी. राणी एकदाही अडखळली नाही. बेसवर पेशंटला डॉक्टरच्या ताब्यात दिलं. तो वाचला. दशरथने राणीचं खोगीर उतरवलं, तिची पाठ पुसली, तिच्या पायाशी टेकून बसला आणि पुन्हा उठला नाही. मृत्यूचं कारण थंडी, असं ठरलं. थंडी आम्हा सगळ्यांनाच होती. कॅप्टन साहेब "भला आदमी था" म्हणाले आणि मेसमध्ये गेले. तिथे पॉरिज तयार होतं.

सुट्टी मिळाल्यावर मी खाप्याला त्याच्या आईकडे गेलो. तिने बाकी काही विचारलं नाही.

"मरताना पोटात काई होतं का गा त्याच्या?"

खोटं बोलायचं मी वाटेत ठरवलं होतं. तिच्यासमोर जमलं नाही.

"नाई माय. त्याच्या वाटचं त्यानं खच्चराले चारलं."



"आमच्या घरी बैलाच्या आधी कोनी जेवत नाई. त्याचा बाप बी नाई जेवला कधी," ती म्हणाली. "मले वाटलं, पलटनीत गेल्यावर पोरगा विसरला असन."

मग ती रडली, आणि मीही.