गाईंच्या मागून गावात

डोंगर पायी उतरायचं मी स्वतःहून ठरवलं. कुणी आग्रह केला नव्हता, हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर घरात या मुद्द्यावर बरीच उलटतपासणी झाली.

आम्ही लंडनमध्ये, एजवेअरला राहतो. आमच्या भागात चढ म्हणावा असा एकच, सुपरमार्केटच्या कार पार्कचा रॅम्प. मुलगी मात्र ग्लासगोला शिकते आणि तिथल्या हिलवॉकिंग क्लबात आहे. दर वीकेंडला ती कुठल्यातरी शिखरावरून फोटो पाठवते, ज्यात एक ढग आणि तिचं नाक एवढंच दिसतं. सप्टेंबरच्या सुरुवातीला, तिची टर्म सुरू व्हायच्या आत, आम्ही तिघं स्वित्झर्लंडमधल्या एका छोट्या गावी गेलो, तेव्हा तिच्यापुढे आपण कमी पडायचं नाही असं मी मनाशी पक्कं केलं होतं. त्यासाठी नवे कोरे ट्रेकिंगचे बूट घेतले, दोन काठ्या घेतल्या आणि एक निळं जॅकेट घेतलं, जे घालून मी आरशात अगदी एव्हरेस्टवाली दिसत होते.

निघताना मुलगी म्हणाली, "आई, तुझी बूट नवीन आहे. ती चावेल तुला."

तिचा जन्म लंडनचाच, त्यामुळे मराठीतलं कोण तो आणि कोण ती, हा गोंधळ तिचा कायमचा. मी म्हटलं, "तुझे बूट. ते चावतील." व्याकरण सुधारण्याच्या नादात सल्ला कानावरून गेला.

गाव तळ्याकाठी होतं. एक चर्च, एक बेकरी, एक लांबुळका रस्ता. घरांपुढे सरपण इतकं नीट रचलेलं, की त्यातलं एक लाकूड काढून जाळायची कुणाची छाती व्हावी? रस्त्यात भेटेल तो माणूस "ग्रूएत्सी" म्हणायचा, म्हणजे नमस्कार, आणि मी लंडनच्या सवयीने पटकन "सॉरी" म्हणायचे. दुसऱ्या दिवशीपर्यंत निम्म्या गावाची माझी माफी मागून झाली होती.

त्या सकाळी नवरा म्हणाला, "तुम्ही दोघी जा वर. मी खाली बसतो. आज गावात काहीतरी आहे, लोक रस्त्यावर बाकं मांडतायत." खरं कारण बेकरीतला जर्दाळूचा केक होतं, पण ते असो.

आम्ही दोघी रोपवेने वर गेलो. वरचं काय सांगू? हिरवं कुरण, त्याच्यापलीकडे उघडाबोडका खडक, त्याच्यावर बर्फ, आणि खाली तळं, एखादी निळी बशी ठेवावी तसं. मी खरोखर गप्प झाले, जे क्वचित होतं. आणि मग बोलले, जे व्हायला नको होतं.

"खाली चालतच जाऊ या. सिंहगड चढलेली बाई आहे मी."

"किती वेळा?" मुलीने विचारलं.

"खूपदा." त्यातल्या बऱ्याच वेळा मी जीपमध्ये होते, हा तपशील मला त्या क्षणी आठवला नाही.

ती म्हणाली, "उतरताना knees जास्त hurt होतात, आई. आपण अर्धा way पर्यंत जाऊ, मग ठरवू."

अर्ध्या वाटेपर्यंत जायचीही गरज पडली नाही. पहिल्या वळणापर्यंत मी काठ्या टक टक वाजवत पुढे होते. दुसऱ्या वळणावर पायाची बोटं बुटांच्या टोकाला धडकायला लागली. तिसऱ्यावर गुडघे लटपटायला लागले, माझ्या परवानगीशिवाय. समोरून चढत येणाऱ्या एका आजोबांनी माझ्याकडे बघून काळजीने काहीतरी विचारलं. मी हसून "सॉरी" म्हटलं.

एका ओढ्याशी मी बसलेच. बूट काढले, मोजे काढले, पाय पाण्यात सोडले. पाणी इतकं गार होतं की माझ्या तोंडून जो आवाज निघाला, त्याने समोरच्या झाडावरचा पक्षी उडाला. पण मग बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की मी बराच वेळ बसले, आणि उठून पाहते तर पाय सुजून बुटात शिरेनात. मी ओढून पाहिलं, मुलीने ढकलून पाहिलं. शेवटी तिने स्वतःच्या पाठपिशवीतून नारिंगी रबरी सँडल्स काढल्या. रात्री पॅकिंग करताना याच सँडल्सना मी म्हटलं होतं, "हे काय बाथरूमचं ध्यान बरोबर घेतेस?" तिने त्याची आठवण करून दिली नाही. मी तिच्या जागी असते तर नक्की करून दिली असती.

बूट लेसने बांधून मी गळ्यात अडकवले आणि आम्ही खालच्या डांबरी रस्त्याला लागलो. तेवढ्यात मागून घंटांचा आवाज आला. एकदोन नाहीत, सगळं खोरं भरून जाईल इतका. वळणावरून गाई आल्या. उन्हाळाभर वर चरलेला कळप त्या दिवशी गावात परत चालला होता. पुढच्या गाईच्या डोक्यावर फुलांचा भला मोठा मुकुट, गळ्यात बादलीएवढी घंटा. मी कठड्याला चिकटून उभी राहिले आणि गाई आमच्याकडे ढुंकूनही न बघता पुढे गेल्या.

कळपाच्या शेवटी नक्षीदार सदरा घातलेली एक शेतकरीण होती, आणि तिच्या पुढे एक म्हातारी गाय, लंगडत, रमतगमत. शेतकरणीने माझ्या पायांकडे पाहिलं, गळ्यातल्या बुटांकडे पाहिलं आणि मुलीला काहीतरी सांगितलं. मुलीने शाळेत जर्मन घेतलं होतं, तिला निम्मं कळलं.

"ती म्हणते, आमच्याबरोबर चल. ही गाय पण हळू आहे. कंपनी होईल."

म्हणजे मला गाईच्या जोडीला लावलं होतं. आणि जोडी जमलीही. ती थांबली की मी थांबायचे, दोघीही सुस्कारा टाकायचो, मग पुन्हा निघायचो. उतार जास्त झाला तेव्हा मुलीने माझा दंड धरला.

"दुखतंय?" तिने विचारलं.

"नाही गं."

"आई."

"हो, खूप दुखतंय," मी म्हटलं, आणि म्हणून टाकल्यावर चालणं जरा सोपं झालं. ती मला पावलं तिरकी टाकायला शिकवत राहिली, जसं मी तिला एकेकाळी ट्यूबच्या सरकत्या जिन्यावर पाय टाकायला शिकवलं होतं. आवाजही तोच, जरासा वैतागलेला.

गावात शिरलो तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ही गर्दी! बाकं, अकॉर्डियन, चीजचे स्टॉल. प्रत्येक गाईला टाळ्या पडत होत्या. शेवटी म्हातारी गाय आणि मी आलो, तेव्हा टाळ्या जास्तच वाढल्या. गाईसाठी असतील, पण मी हात हलवला. काय करणार, हात आपोआप वर गेला. एका बाईने माझ्या हातात सफरचंदाच्या रसाचा ग्लास ठेवला. एका पर्यटकाने माझा फोटो काढला, बहुधा स्थानिक परंपरा म्हणून.

बेकरीसमोर पहिल्या रांगेत नवरा बसला होता, फोनवर गाईंचा व्हिडिओ काढत. फोन हळूहळू सरकत माझ्यावर आला आणि थांबला.

"अगं, तू?"

हा उद्गार व्हिडिओत स्वच्छ ऐकू येतो. त्याने तो तिथूनच फॅमिली ग्रुपवर टाकला. पुण्याहून माझ्या भावाचं लगेच उत्तर आलं, "गाय सुंदर आहे. मागची कोण?"

दुसऱ्या दिवशी हॉटेलचा जिना मी कठडा धरून उलटी उतरले. खाली रिसेप्शनवरच्या बाईने "ग्रूएत्सी" म्हटलं, तेव्हा माझी तिच्याकडे पाठ होती. मुलगी आणि नवरा मला तळ्यावरच्या बोटीत घेऊन गेले. बोट काठाकाठाने फिरली, वरचं कुरण लांबून दिसलं, आता रिकामं. मुलगी त्याच्याकडे बोट दाखवून बाबाला काल कुठून कुठे आलो ते सांगत होती, आणि तिच्या सांगण्यात मी होते त्यापेक्षा बरीच शूर निघाले. मी मध्ये पडून काही सुधारलं नाही. बोट धक्क्याला लागल्यावर दोघं उठले. मी म्हटलं, "अजून एक चक्कर मारू या का? बसूनच."