अक्काची बारावी

आषाढातल्या एका मंगळवारी सकाळी अक्का गेली. छातीत दुखायला लागलं आणि केजला दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. पुढच्या आठवड्यात तिची बारावीची फेरपरीक्षा होती.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, युसूफ वडगावकडच्या आमच्या गावात अंगणवाडीची मदतनीस. आई-बाबांसोबत ऊसतोडीला जायचं म्हणून तिने अकरावी सोडली. मी वसतिगृहात राहिलो, शिकलो, ग्रंथपाल झालो. गेल्या वर्षी कळलं की अंगणवाडीच्या सेविका निवृत्त होणार. ती जागा अक्काला मिळण्यासारखी होती, पण बारावी पास हवी होती. बेचाळिसाव्या वर्षी तिने केजच्या कॉलेजात सतरा नंबरचा फॉर्म भरला आणि बाहेरून परीक्षेला बसली. अंगणवाडीतल्या पोरांची खिचडी ढवळताना इतिहासाचं पुस्तक मांडीवर असायचं. "पोरं झोपली की माझी शाळा भरती," म्हणायची.

जानेवारीत तिने विचारलं, "पर्यावरणाचा बी प्रकल्प द्यायचाय म्हनं. करू का?"

मी हातातल्या पुस्तकातून मान वर केली नाही. "त्याचे मार्क धरत नाहीत अक्का. तू इंग्रजी बघ."

"कॉलेजातले सर तर म्हनले, द्यावाच लागतो."

"सरांचं ऐकतीस का भावाचं?"

ती हसली. "तू लई शिकलेला, बाबा. तुझंच खरं."

मार्क बेरजेत धरत नाहीत, हे खरंच होतं. पण त्या विषयाची श्रेणी नसेल तर पासचा शेरा मिळत नाही, ही सूचना मी वाचलीच नव्हती. आयुष्यभर वाचत बसलेला माणूस मी…

निकालाच्या दिवशी तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. "इंग्रजीत बी पास हाय की रे. मग खाली नापास कावून लिवलंय?" मी तेव्हा सूचना शोधून वाचली आणि तिला सांगितलं. तिने मोबाइल पदराने पुसून बाजूला ठेवला. मग म्हणाली, "बरं झालं, इंग्रजीत न्हाई गेले. न्हाईतर तू मला ढ म्हनला असतास." त्यापेक्षा तिने मला शिव्या घातल्या असत्या तर…

सेविका ऑगस्टअखेर निवृत्त होणार होत्या, म्हणून फेरपरीक्षा हीच शेवटची संधी. अक्काने प्रकल्पाला गावातल्या विहिरी घेतल्या. कुठल्या विहिरीला कुठल्या महिन्यापर्यंत पाणी टिकतं, हे बायकांना घरोघर विचारून वहीत उतरवलं.

दिवसकार्य झाल्यावर ती वही घेऊन मी कॉलेजात गेलो. सरांनी सगळी पानं उलटली. "चांगलं केलंय हो बाईंनी. पण आता कुणाच्या नावावर घेऊ?"

"नुसता शेरा बदलता येईल का?" मी विचारलं. दोनदा विचारलं.

त्यांनी वही मिटून माझ्या हातात दिली. ती माझ्याकडे आहे. बोर्डाच्या दप्तरी अक्का नापास आहे.