पेशंटचं उजवं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही — आई तर आता राहिलीही नाही. तुम्ही माझे कुणी लागत नाही, म्हणून कदाचित तुम्हाला सांगणं जमेल. बघू.

मी एक्स-रे काढते. उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये, जीन्सच्या कारखान्यांच्या गल्लीत एक सेंटर आहे, तिथे माझी वीसेक वर्षं गेली. माणूस समोर उभा राहिला की त्याचा उजवा हात माझ्या डाव्या हाताला येतो. भिंतीवरच्या शरीराच्या चित्रात तसंच, फिल्मवरही तसंच. शरीर आपल्याकडे तोंड करून सरळ उभं आहे, तळवे पुढे केलेत, असं धरायचं आणि डावं-उजवं नेहमी पेशंटचं म्हणायचं, बघणाऱ्याचं नाही. आमच्या सगळ्या शिक्षणाचा पाया एवढाच. अगदी सोपा आहे — पण कुणीतरी सांगावा लागतो.

आता मंदाबद्दल सांगते. अंबरनाथला आम्ही एक्स-रेच्या कोर्सला एकत्र होतो. ती बारवी धरणाकडच्या एका पाड्यावरून यायची, मी विठ्ठलवाडीहून. डबा एकत्र खायचो. शिकवलेले शब्द ती स्वतःच्या अंगावर बोट ठेवून पाठ करायची. मेडिअल म्हणजे शरीराच्या मधल्या रेषेकडचं, लॅटरल म्हणजे बाहेरच्या अंगाचं. प्रॉक्झिमल म्हणजे धडाच्या जवळचं, डिस्टल म्हणजे लांबचं. भाकरीचा तुकडा मोडता मोडता म्हणायची, "माझा गाव लय डिस्टल हाय, शुभा." मला ती फार आवडायची. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे ते खरं वाटणार नाही.

या सेंटरच्या डॉक्टरांना एक मुलगी हवी होती. आधी हाताखाली शिकवायचं, मग कायमची नोकरी. ही बातमी मला घरमालकांकडून कळली आणि मी ती फक्त मंदाला सांगितली. माझे बाबा तेव्हा एमआयडीसीतली कंपनी बंद पडून घरी बसले होते, तेही तिला ठाऊक होतं. नंतर एक दिवस सरांनी वर्गात सांगितलं, त्या नोकरीसाठी डॉक्टर परीक्षा घेणार आहेत आणि दोन नावं आली आहेत — माझं आणि मंदाचं.

तिनं मान वर केली नाही. मला एका शब्दानं बोलली नव्हती! केसानं गळा कापला, असंच वाटलं मला. तिलाही नोकरीची गरज होती, माझ्याहून जास्तच होती. मग सांगायला काय झालं होतं? मी अडवलं असतं का तिला? तो राग आजही पुरता गेलेला नाही, खोटं कशाला बोलू? पण रागावर सगळं ढकलून मोकळं होण्यासाठी मी हे लिहीत नाहीये.

मी तिला काहीच बोलले नाही. डबा पूर्वीसारखाच एकत्र खात राहिले.

मग तिच्या घरची भाताची लावणी आली. ती आठवडाभर गैरहजर राहिली आणि नेमकं त्याच आठवड्यात सरांनी चित्र आणि फिल्म कशी वाचायची ते शिकवलं. ती परत आली तेव्हा तिच्या बोटांची कातडी चिखलपाण्यानं सोलवटलेली होती. परीक्षा तोंडावर होती. दुपारी वर्ग रिकामा असताना ती मला चित्रापाशी घेऊन गेली. चित्रातल्या माणसाचा जो गुडघा तिच्या उजव्या हाताला येत होता, त्यावर तिनं बोट ठेवलं. म्हणाली, "ह्यो उजवा, ना गं?"

मी "हो" म्हटलं.

एवढंच. माझ्या तोंडून चुकून निघालं नाही ते. मला सगळं कळत होतं. तिनं पुन्हा एकदा बोट ठेवून खात्री करून घेतली, तेव्हाही मी हो म्हटलं. आणि मला बरं वाटलं — हे लिहायला सगळ्यात जड जातंय.

परीक्षेला डॉक्टर स्वतः आले. त्यांनी मंदाला चित्रावर उजव्या गुडघ्याची लॅटरल बाजू दाखवायला सांगितली. तिनं बाहेरचीच बाजू दाखवली, अगदी न चाचरता — पण डाव्या गुडघ्याची. डॉक्टर हसले. "अरे बेटा, तू तो उसका अच्छावाला पैर कटवा देगी!" सगळा वर्ग हसला. मीही हसले. ती माझ्याकडे बघत होती. माझ्यावर संशय घेऊन नव्हे — आपलं काय चुकलं, हे मी सांगेन म्हणून.

नोकरी मला मिळाली. मंदानं कोर्स सोडला, पुढे लग्न होऊन इथेच आली आणि जीन्सचे सुटे धागे कापायला लागली. रस्त्यात भेटली की थांबते, घरचं विचारते. सरांनी किंवा आणखी कुणी तिला तो नियम सांगितला असेल का? मी कधी विचारलं नाही.

मागच्या महिन्यात ती मुलीला घेऊन सेंटरवर आली. सानिका, यंदा बारावी झालेली. पडून मनगट सुजलं होतं. मी तिचा हात टेबलावर सरळ करत होते आणि ती यंत्राबद्दल प्रश्नावर प्रश्न विचारत होती. मग म्हणाली, "मावशी, मला पण हाच कोर्स करायचाय. मम्मी नको बोलते."

मंदा हसली. "आपल्या खानदानात ती अक्कलच नाय, बाय. मला डावाउजवा कलला नव्हता. इचार मावशीला, काय फजिती झालेली माझी. शुभानं सगला शिकवलेला, तरी माझ्या टकुऱ्यात शिरला नाय."

पोरगी माझ्याकडे बघायला लागली. मी काही बोलेन, याची वाट बघत राहिली.

मी म्हटलं, "आई सांगते ते ऐक. आता हात हलवू नकोस."

तिनं हात हलवला नाही. मी आत गेले आणि बटण दाबलं.